कडा सोडवणाऱ्या आनंदाबाई

आनंदाबाई थूल सिंदी मेघेहून सायकलीने येतात आणि प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुतात. एकवीस वर्षं झाली. धुताधुता त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या बोलण्याची आणि इंग्रजीची नक्कल करतात. सरांना ते माहीत आहे. पण भांडी इतकी लख्ख दुसरं कोणी घासत नाही, म्हणून सर बहिरे होतात.

गेल्या हिवाळ्यात सेलूची मोनाली तिथे पीएच.डी. करत होती. यकृतात रक्ताच्या बारीक वाटांना बिलगून काही पेशी असतात. अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचा निरोप आला की त्या आकसतात आणि वाट आवळतात. मोनालीने या पेशी जेलीसारख्या चकतीत वाढवल्या होत्या. पेशी आकसल्या की चकतीही लहान व्हायला हवी. तीन आठवडे संप्रेरक घालून झालं, चकती ढिम्म.

"संप्रेरकच खराब असेल. फेकून दे," असं सांगून सर मीटिंगला गेले. मोनाली बेसिनपाशी रडू लागली.

"काऊन व रडून राह्यली? लग्न ठरलं का?" आनंदाबाईंनी विचारलं.

"मावशी, पेशी आकसतच नाहीत."

बाईंनी चकती असलेली बशी उजेडाकडे तिरपी केली. "आकसतीन कशा? चकती कडेले चिपकली ना! खरवस नाई खाल्ला का कधी? सुरी फिरवल्याबिगर सुटते का तो?"

मोनालीने बारीक सुईने दोन चकत्यांच्या कडा सोडवल्या. एका चकतीवर संप्रेरक घातलं, दुसरीवर नुसतं द्रावण. तासाभरात पहिली निम्मी झाली, दुसरी जराशीच. मोनाली ओरडलीच.

"पण झालं काय आतमंदी?" बाईंनी विचारलं.

"संप्रेरक पेशीच्या दारावर बसतं. मग आत कॅल्शियम वाढतं आणि पेशीतले धागे एकमेकांना ओढतात."

"म्हणजे निरोप बाहेरून, अन् ओढाताण घरात. ननंदेचा फोन आला का आमच्या घरी हेच होते."

सरांनी आकडे पाहिले, प्रयोग पुन्हा करून घेतला, आणि वहीत लिहायला लावलं : 'कडा सोडवणे, आ. थू. पद्धत.' मोनालीने ते बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

"आ थू? हे माह्यं नाव हाय का गुळणी?" बाई म्हणाल्या. "पुरं लिव म्हणा. एवढं लंबं इंग्रजी लिवता, मंग माह्या नावालेच शाई नाई पुरत?"

सरांनी स्वतः पूर्ण नाव लिहिलं. आनंदाबाईंनी ते अक्षर लावून वाचलं, थूलमधला उकार दुरुस्त करवला आणि पुढची भांडी घासायला घेतली.