विष्णू, ऐकतोय रे, फोन तर उचल!

मंडळी, आज आमच्या हॉलमध्ये जे झालं ते सांगितल्याशिवाय चैन पडंना.

वाळूजला राहणाऱ्या माझ्या दोस्ताला, विष्णूला, हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर बिनतारी सेटवरून लांबच्या लोकांशी बोलायचा, परवाना मिळाला. आज दुपारी तो त्याच्या सेटवरून पहिल्यांदा बोलणार होता. माझ्याकडं आहे स्कॅनर. त्यावर नुसतं ऐकता येतं, बोलता येत नाय.

त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू, त्यामुळं तिथला अँटेना उतरवलेला. मग पडद्याच्या दांडीपासून कपाटाच्या कडीपर्यंत तांब्याची वायर ताणली अन् स्कॅनरला जोडली. कुणाकुणाचे आवाज छान यायला लागले.

चहा घेऊन येतो तर नुसती खरखर! बघतो तर आईनं वायरीवर ओला टॉवेल अन् माझे बनियन वाळत घातलेले.

"आई, अँटेना हाय तो!"

"मला काय माहीत? गच्ची बंद हाय, म्हणून पोरानं दोरी बांधली असंल म्हटलं. लई कौतुक वाटलं होतं तुझं."

कपडे काढले अन् विष्णूचा आवाज आला, "कुणी ऐकतंय का?"

परत परत विचारत होता बिचारा. कुणीच उत्तर देईना. मी स्कॅनरपुढं ओरडतोय, "व्हय रे, ऐकतोय!"

आई म्हणाली, "येड्या, फोन लाव त्याला."

लावला. विष्णूनं उचलला अन् म्हणाला, "नंतर बोलू यार, रेडिओवर कुणी ऐकतंय का ते बघतोय." कट! आता तर फोनच बंद करून ठेवलाय.

वाळूजला कुणी आहे का? तेवढं जाऊन सांगा ना त्याला.