आरशाचा खिळा

प्रमिला गेल्याचा निरोप भिलाईजवळच्या रिसालीत शेजाऱ्यांच्या फोनवर आला. मी घरी येऊन पत्नीला सांगितले, पुढच्या खोलीतला पलंग भिंतीला सरकवून जमिनीवर जागा मोकळी केली आणि ओळखीच्या एकाची जीप घेऊन निघालो. धाकट्या बहिणीला आपल्या दारातून निरोप द्यावा, एवढेच मनात होते. तिने उभे आयुष्य वसतिगृहाच्या खोलीत काढले. निदान शेवटी तरी घरी यावी...

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा वारला. सासरच्यांनी तिला भंडाऱ्याकडच्या गावाहून एका लोखंडी ट्रंकेसह भिलाईला, माझ्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरवर आणून सोडले. मी तेव्हा रोलिंग मिलमध्ये फोरमन होतो. क्वार्टर कंपनीचे; जसे मिळाले तसे परत करायचे, म्हणून भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा माझ्या घरचा नियम. कॅलेंडरदेखील खिडकीच्या गजाला बांधलेले असे. प्रमिलाच्या ट्रंकेत पत्र्याच्या चौकटीचा एक आरसा होता. आल्या आठवड्यातच तिने विचारले, "भाऊ, आरशासाठी एक खिळा ठोकू काय?" मी नाही म्हटले. "कावून?" "भिंत आपली नाही." तिने पुन्हा विचारले नाही. आरसा ट्रंकेला टेकवून ठेवी आणि जमिनीवर बसून, मान वाकवून केस विंचरी. पहिल्या पाळीला निघताना मला रोज तिची वाकलेली पाठ दिसे. आल्यागेल्याला मात्र ती हसत सांगे, "आमच्या भाऊच्या घरी पाहुण्याले चहा भेटते, जेवण भेटते, खिळा नाही भेटत." पाहुणा हा शब्द ती स्वतःसाठी वापरत होती, हे माझ्या पत्नीच्या ध्यानात आले. माझ्या नाही.

तिचे शिक्षण अर्धवट राहिले होते. पुढे शिकते म्हणाली, तेव्हा शेजारच्या शहरातल्या जुन्या महिला महाविद्यालयात मी तिचे नाव घातले. स्वातंत्र्यापूर्वीची, जाड भिंतींची कौलारू इमारत. मागे वसतिगृह आणि चिंचेचे झाड. वर्गात तीच सर्वांत मोठी, त्यामुळे मुली तिला दीदी म्हणू लागल्या. पहिल्या सत्रानंतर भेटायला गेलो, तर ती खोलीत उभी राहून केस विंचरत होती. आरसा भिंतीवर होता.

"कोणाले विचारून ठोकला?" मी म्हटले.

"कोणालेच नाही."

"कोणी बोललं नाही?"

"बोलली ना. मंगतीन बोलली, वाकडा ठोकून राहिली म्हणून. तिनंच हातोडी आणून देली."

मंगतीन म्हणजे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली बाई. प्रमिला एवढ्या मोकळेपणाने हसलेली मी पुष्कळ दिवसांनी पाहिली. पदवीनंतर तिथल्याच ग्रंथालयात नोकरी लागली आणि खोलीही तीच राहिली. मुली येत, शिकून जात. लग्नानंतर लेकरे घेऊन तिला दाखवायला येत. दिवाळीला ती आमच्याकडे येई, पण पिशवीतले कपडे बाहेर काढीत नसे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशीची पहिली बस.

निवृत्तीपूर्वी रिसालीत स्वतःचे घर बांधले. मागची खोली तिच्यासाठी ठेवली आणि तिच्या उंचीच्या अंदाजाने भिंतीत एक खिळा मी स्वतः ठोकला. ती आली, खिळा पाहिला. "अगंबाई! भाऊनं खिळा ठोकला!" असे म्हणून वहिनीला हाक मारून दाखवला. त्याला पिशवी अडकवली. दोन दिवसांनी पिशवी काढून घेतली आणि निघाली. "आरसा घेऊन ये," मी फाटकाशी म्हटले. "पाहू," म्हणाली... तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्या दिवशी जीप वसतिगृहासमोर थांबली, तेव्हा पायऱ्यांवर मुली बसल्या होत्या. त्यांनी वाट दिली. प्रमिलाला स्नान घातलेले होते, केस नीट विंचरलेले होते. झोपेतच गेली, असे कोणी तरी सांगितले. मी म्हटले, "गाडी आणली आहे. घरी नेतो." उशाशी बसलेली मंगतीन, आता पार म्हातारी झालेली, वर न बघता म्हणाली, "घर कहाँ लेगबे भैया? दीदी तो घरेच म हे."

घरी कुठे नेता. दीदी घरातच आहे. मी भिंतीकडे पाहिले. आरसा किंचित वाकडाच होता. त्यात पायऱ्यांवरच्या मुली दिसत होत्या. मला वाद घालता आला असता. हक्क माझा होता. मी बाहेर गेलो आणि जीपवाल्याला परत जायला सांगितले. प्रमिला तिथूनच निघाली. अग्नी मी दिला. फाटकापर्यंत खांदा मुलींनी दिला.

निघताना मंगतीनने आरसा काढून माझ्यापुढे धरला. मी तो पुन्हा भिंतीला लावायला सांगितला.

रिसालीतली मागची खोली आता रिकामी आहे. खिळा काढलेला नाही. पहाटे त्या खोलीतून अंगणात जावे लागते. सरळ वाट खिळ्यासमोरून आहे; मी भिंतीपासून दूर, बाजूने जातो. तिथे कोणी उभे राहून केस विंचरीत असेल, तर मध्ये येऊ नये.