उजळाईवाडीची विमानशेड नक्की कुणाची?

कोल्हापूरला लोक दर्शनाला येतात, मिसळ खातात, चपला घेऊन जातात. मी मागच्या आठवड्यात मंगळवार पेठेतून रिक्षा केली ती थेट उजळाईवाडीच्या विमानतळाला. तिथलं एक खासगी हँगर, म्हणजे विमान ठेवायची पत्र्याची मोठी शेड, मोडणार असं कानावर आलं होतं. ती आमच्या ह्यांनी उभी केलेली. ते जाऊन चार वर्षं झाली. शेड जायच्या आत एकदा बघावी म्हटलं.

तुम्ही जाणार असाल तर जाता-येताचं भाडं आधीच ठरवा. परतीला रिक्षा मिळत नाही. चहासुद्धा हमरस्त्यालाच पिऊन घ्या.

फाटकावर रखवालदारानं हटकलं. म्हटलं, "आमच्या मालकांची शेड बघायचीय."

तो ताडकन उठला. "आधी सांगायचं न्हाय व्हय, मालकीणबाई!" आणि सलाम ठोकून आत घेऊन गेला.

शेड सांभाळणारे रामूअण्णा पुढे आले, खुर्ची पुसून दिली आणि हात जोडले. "वैनीसाब, मालकांस्नी सांगा की, मोडू नका म्हणून. माझं प्वाट हाय हिच्यावर."

"मालक? ते तर वारले."

"आँ! कवा? सकाळी फोनवर बोललो की!"

घोळ तेव्हा माझ्या ध्यानात आला. "अहो, माझे मालक! वेल्डर होते. ही शेड त्यांनी जोडली."

रामूअण्णा खो-खो हसले. "मिस्त्रींच्या मालकीण व्हय तुम्ही!"

मग मी विचारत सुटले. जमीन सरकारची, करारानं दिलेली. शेड एका कारखानदाराची. करार संपला. सरकार म्हणतं, शेड राहू दे, भाडं देईल त्याचं विमान ठेवू. कारखानदार म्हणतो, पैसा माझा, पत्रा माझा, मी खोलून नेणार. आमच्या पेठेत देवस्थानच्या जागेवरच्या घरांचं असंच असतं, भिंती आपल्या आणि जमीन देवाची. आत एकच विमान, शेडसारखंच लख्ख पुसलेलं. बाहेर दुसरं कुणाचं तरी ताडपत्रीखाली उन्हात तापत होतं. मला दोघांचंही पटत होतं.

"करारात हाय," रामूअण्णा म्हणाले, "नट-बोल्ट खोलून निघंल ते मालकाचं. न निघंल ते सरकारचं. उद्या इंजिनियर येतोय बघाय."

मी वर बघितलं. "ह्यात बोल्ट कुठायत?"

तेही बघायला लागले. छत पेलणाऱ्या प्रत्येक लोखंडी कैचीच्या सांध्यावर ह्यांचं वेल्डिंग, माशाच्या खवल्यांसारखं. ह्यांचा बोल्टवर विश्वासच नव्हता, वाऱ्यानं ढिले होतात म्हणायचे. आमच्या घरची भांड्यांची मांडणीसुद्धा अशीच जोडलेली. घर बदलताना ती दारातून निघेना.

चार दिवसांनी घरी रामूअण्णांचा फोन आला. इंजिनियर शिडीवर चढला आणि कपाळाला हात लावून उतरला. कापून नेली तर नुसतं भंगार, म्हणून शेड राहिली. बाहेरचं विमान आत आलं. रामूअण्णांना ठेवतात का, ते अजून ठरायचंय. सरकार शेड तेवढी पुसून ठेवेल का, तेही बघायचं.

"आमचे मालक तुमच्या मालकांवर लई तापल्यात," ते म्हणाले. "बोल्ट सांगितलं हुतं, ऐकलं का त्या बाबानं, म्हणून शिव्या घालाय लागल्यात."

माणूस गेला की त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. चार वर्षं मी तेच ऐकत होते. ह्यांच्यावर आज पहिल्यांदा कुणीतरी चिडलं होतं. फोन ठेवला आणि एकटीच कितीतरी वेळ हसत बसले.