मामांना पडलेलं नाव

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की पानाचं तबक आणि मी, दोघंही मधे येऊन बसतो. आजोबांची म्हैस कशी हरवली, आत्याचा नवरा सासुरवाडीला आला तो शेजारच्याच घरात जाऊन कसा जेवला — सगळं पोरांना पाठ आहे, कुठं हसायचं तेही. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. आईला नाही, दोस्तांना नाही. बायकोला तर नाहीच. का नाही, ते कळेल तुम्हाला. मी जरा आडवळणानं येतो — सवय आहे, आणि खरं तर पायही उचलत नाही.

आवाजापासून सुरू करतो. देवानं मला रूप दिलं नाही, उंची दिली नाही, जे काही उरलं होतं ते सगळं गळ्यात ओतलं. कोल्हापुरात प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ, आणि मॅच असली की आमच्या पेठेतली निम्मी दुकानं बंद. मी खेळाडू नव्हे. एकदा खेळलो, तेव्हा चेंडूपेक्षा मीच जास्त वेळा रेषेबाहेर गेलो. माझं काम ओरडायचं. आणि नावं पाडायचं. समोरच्या संघाच्या गोलकीपरला मी ‘चाळण’ म्हणालो, तर त्या बिचाऱ्याला पुढं त्याच्या लग्नातसुद्धा लोक चाळणच म्हणत होते. युक्ती साधी होती. तोंडाला रुमाल लावायचा, मान खाली घालायची, आणि ओरडायचं. आवाज कुठून आला ते कळत नाही. ही युक्ती एकाच माणसाला ठाऊक होती — दत्तूमामांना. ते मैदानात कायम माझ्या शेजारी बसायचे आणि माझ्या प्रत्येक नावाला सगळ्यात आधी हसायचे.

दत्तूमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. शाहूपुरीत सायकलींचं दुकान. आपला संघ हरला की त्या दिवशी मामा जेवत नसत, आणि मामी म्हणे, ह्या संघानं माझं धान्य वाचवलं. पेठेतल्या लोकांनी पैसापैसा जमवून एक छोटी सहकारी बँक काढलेली होती. तिचे शेअर दूधवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांकडं. मामा तिचे डायरेक्टर झाले. शाळा चौथीपर्यंत, पण माणूस सरळ, म्हणून लोकांनी निवडून दिलं.

सत्तर सालानंतरची गोष्ट. एके सकाळी बँकेच्या दारात सरकारी माणूस उभा. कारभार सरकारनं ताब्यात घेतला, प्रशासक बसला. पेठ पेटली. आमची बँक, आमचे शेअर, सरकार कोण लागून गेलं? मग हळूहळू बातमी फुटली — सरकारला खबर दिली ती आतल्याच माणसानं. दत्तूमामांनी.

खरं होतं ते. बाकीचे डायरेक्टर आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना कर्जं वाटत होते. मामा बैठकीत बोलून दमले, कुणी ऐकेना, तेव्हा सरळ सरकारी कचेरीत जाऊन सांगून आले. सभासदांची सभा ठरली. आदल्या संध्याकाळी मामा आमच्या घरी आले. उद्या सगळं बोलणार म्हणाले, कुणी किती खाल्लं ते नावानिशी. लोक ऐकतील, आपलेच हाईत, म्हणाले. मग निघताना चपला घालता घालता मला म्हणाले, “तू येणार न्हवं? सभेत एक तरी आपलं माणूस पायजे.”

मी म्हणालो, येतो की.

गेलोही. तिथंच तर घोटाळा आहे. न जाता घरी झोपलो असतो, तर आज नुसता आळशी ठरलो असतो.

मंगल कार्यालय गच्च भरलेलं. सरकारला शिव्या, प्रशासकाला शिव्या, मग घरभेद्याला शिव्या. मामा उठून व्यासपीठावर गेले तसा गलका वाढला, आणि मग — हे मला नीट आठवतं — गलका खाली बसला. लोकांना त्यांचा मान होता हो. ते ऐकणार होते. मामांनी टोपी सारखी केली, घसा साफ केला. तेवढ्यात माझ्या शेजारचा पिठाच्या गिरणीवाला माझ्याकडं वळला. “ह्यो तुझा मामा न्हवं?” म्हणाला. मोठ्यानं नाही. पण पुढच्या रांगेतली चार तोंडं मागं फिरली. माझ्याकडं बघायला लागली.

एवढंच झालं. कुणी मारलं नाही, कुणी धमकी दिली नाही. चार माणसांनी बघितलं. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं माणूस कशाला फिरेल? मीही तेच म्हणतो — इतकी वर्षं तेच म्हणतोय.

खिशातला रुमाल तोंडाला लावला. मान खाली घातली. आणि मैदानात ओरडायचो तसा ओरडलो — “सेल्फ गोल!”

आधी हशा पिकला. पेठच फुटबॉलची, आपल्याच जाळ्यात चेंडू मारणाऱ्याला काय म्हणतात ते कुणाला समजावून सांगायला नको. मग मागच्या रांगेनं उचललं, मग सगळ्या हॉलनं, टाळ्यांच्या ठेक्यावर. सेल्फ गोल, सेल्फ गोल. गिरणीवाला हसून हसून माझ्या मांडीवर थापा मारत होता. मी त्यांच्यातला झालो होतो. मामा तसेच खाली उतरले. ज्यांची नावं यायची होती ते डायरेक्टर पहिल्याच रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्यांना नंतर कुणी काही विचारलं नाही. बँक पुढं दुसऱ्या बँकेत विरघळली, शेअरची रद्दी झाली, आणि पेठेत एकच माणूस दोषी राहिला.

नाव मात्र टिकलं. माझी नावं टिकतातच. दुकानाला लोक ‘सेल्फगोलचं दुकान’ म्हणायला लागले. मामांनी मैदान सोडलं. आपला संघ फायनल जिंकला, गुलालाची मिरवणूक त्यांच्या दारावरून गेली, पण मामा बाहेर आले नाहीत. माझी आई रोज चुलीपुढं बसून म्हणायची, ज्याच्या तोंडातनं ह्ये नाव पयल्यांदा निघालं त्याची जीभ झडू दे. आणि हे म्हणत म्हणत माझ्याच ताटात भाकरी वाढायची. मी म्हणायचो, व्हय की.

मामांची थोरली लेक शालन. तिचं गडहिंग्लजला ठरत आलं होतं. तेही गाव फुटबॉलचंच. संघ इकडून तिकडं जातात, त्यांच्याबरोबर नावंही जातात. पावणे चहा प्यायले, आणि त्यांतला एक म्हातारा सहज विचारून गेला, म्हणजे ते सेल्फगोल म्हणतात ते तुमीच का? मामा म्हणाले, व्हय, मीच. पुढं गडहिंग्लजहून निरोप आला नाही.

मग आई म्हणाली, बाहेर कशाला हात पसरायचे, मामाची पोरगी आहे, आपल्यातच करू. मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. आणि सगळ्या भावकीत माझं कौतुक सुरू झालं — बापाचं असं नाव झालेलं असताना पोरगी पदरात घेतली, मोठ्या मनाचा माणूस. हे मी खाली मान घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

हळदीच्या दिवशी मामा माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, “सभंला तू कुठं बसलतास रं?”

“मागं. दारापाशी. उशीर झालता मला.”

“मग बरं,” मामा म्हणाले. “म्हंजे तुला काय ऐकाय आलं नसंल.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि उठून मांडवात गेले. कळलं होतं का त्यांना? वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसलेला माणूस — त्याला माझा आवाज कळणार नाही? विचारायची संधी पुष्कळ होती. मामा पुढं बरीच वर्षं होते. मी विचारलं नाही.

आता मामा नाहीत, आईही नाही. शालन आहे. आम्ही राजारामपुरीत राहतो, तिच्या हाताला चव आहे, पोरं मार्गी लागलीत. कुणी पावणं आलं आणि जुन्या गोष्टी निघाल्या, की ती हमखास सांगते — माझ्या वडलांना सगळ्या पेठेनं टाकलं होतं, तेव्हा एकटे हे उभे राहिले. पावणे माझ्याकडं आदरानं बघतात. मी चहाची बशी तोंडाला लावतो.

काल संध्याकाळीही तिनं सांगितलं. कालही मी चहा प्यालो.