बोंडल्यातलं दूध

लेकीचं वजन वाढलं त्या दिवशी बारामतीहून घरी येताना मी नवऱ्याच्या मागं गाडीवर बसून गाणं म्हणत होते. माझा आवाज म्हणजे आनंदच, त्यामुळं हे आरशातनं बघून हसत होते. दवाखान्यात सिस्टरनं पोरीला काट्यावर झोपवलं, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "छान भरतीय की गं! अंगावरचंच पाजतीस ना? वरचं काही नाही ना?" मी म्हटलं, "पाणीसुद्धा नाही, सिस्टर." तेव्हा पोरगी तीन महिन्यांची होती आणि मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

मला एचआयव्ही आहे. दिवस गेलेले असताना रक्त तपासलं तेव्हा कळलं. मग ह्यांचं तपासलं, त्यांनाही निघाला. कुणाकडनं कुणाकडं आला हे उकरत बसलो असतो तर संसाराचं वाटोळं झालं असतं. म्हणून तो विषय आम्ही गाडून टाकला आणि दोघांनी गोळ्या चालू केल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तू गोळी चुकवू नको, बाळाला औषध पाज आणि सहा महिने नुसतं अंगावरचं दूध दे. दोन्ही दुधं एकत्र करू नको. वरच्या दुधानं कोवळी आतडी बिघडतात आणि तिथनं या दुखण्याला वाट मिळते. हे बोलणं मी पाठ केलं होतं.

सासूला मात्र आम्ही यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. काटेवाडीत आमचा चार गाईंचा गोठा. त्यांचा जीव गाईंवर आणि तोंडाचा पट्टा सगळ्या आळीवर. मला आई नाही, त्यामुळं बाळंतपण सासरीच झालं आणि त्यांनीच केलं. गोळ्या कसल्या म्हणून विचारलं, तर रक्त वाढायच्या असं सांगून मी मोकळी झाले होते.

त्या दिवशी घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी तोरा मिरवला. "बघा आत्याबाई! पोरगी वाळकी हाय म्हणत व्हता ना? वजन वाढलंय. माझ्या दुधात कस हाय का न्हाय?"

आत्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "तुझ्या दुधानं व्हय? आमच्या तांबडीला इचार जा!"

तांबडी म्हणजे गोठ्यातली गाय. मला आधी कळेचना. मग त्यांनी फडताळातनं चांदीचं बोंडलं काढलं. त्याच्या चोचीनं त्यांनी आपली सगळी पोरं वाढवलेली. मी आंघोळीला गेले, दुपारचा डोळा लागला, की त्या गाईचं दूध कोमट करून पोरीला पाजायच्या. "तुला दूध पुरंना. पोरगी मुठी चोखतीया. मी काय बघत बसू?"

मी बोंडलं हिसकावून अंगणात भिरकावलं. "माझी पोर मारली तुमी!"

"जिभंला काय हाड हाय का? दूध पाजलं, इख न्हाय पाजलं!"

"मला एचआयव्ही हाय, आत्याबाई! तुमच्या लेकालाबी हाय!"

हे दारातच उभे होते. खाली बघून म्हणाले, "आई, खरं हाय." आत्याबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं, संपलं. आता माझं ताट वेगळं, अंथरूण वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नवं लुगडं नेसून माझ्यापुढं उभ्या. "चल. त्या डॉक्टरीणीकडं ने मला. मी काय केलं ते माझं मीच सांगती."

आणि सांगितलं हो त्यांनी, अगदी दूध किती आणि पाणी किती इथपर्यंत. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजपासून बंद करा. सून गोळ्या नीट घेतेय, त्यामुळं भीती कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही. तपासण्या चुकवू नका, शेवटची बाळ दीड वर्षाचं झालं की. आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "माझ्या हातनं झालं आसंल तर?" डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून कागद त्यांच्याच हातात दिला.

तिथनं पुढं आमच्या घराला पहारा बसला. शेजारीण गुटी उगाळून घेऊन आली तर आत्याबाई कडाडल्या, "हात लावशील तर बघ! आमच्यात सहा म्हैने पाणीबी देत न्हाईत. रीत हाय आमच्या घराण्याची." अशी रीत आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकली नव्हती. माझ्या गोळीची वेळ झाली की गोठ्यातनं हाळी यायची, "रक्ताची गोळी घेतली का गं?" पोरीच्या टाचेला सुई टोचून कागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे, तेव्हा त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. पोरीला जुलाब झाले की आत्याबाईंचं जेवण बंद. त्या गुन्हेगारासारख्या वागायला लागल्या आणि मला त्यांची दया यायला लागली. काय करणार, राग धरायलासुद्धा माणूस धड लागतं.

शेवटच्या तपासणीला आम्ही सगळे गेलो. पोरगी तोवर दवाखानाभर दुडूदुडू पळत होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हसतच. "नाहीये. हिला एचआयव्ही नाही. आता हिला इथं आणायचं काम नाही." मी तिथंच फरशीवर बसून मोठ्यानं रडले. आत्याबाईंनी डॉक्टरीणबाईंना, सिस्टरला, वजनकाट्याला, दिसेल त्याला हात जोडले. "सुटले गं बया, सुटले!"

बाहेर येऊन आम्ही झाडाखाली टेकलो. पोरीला घेऊन हे पेढे आणायला गेले. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पोरीचं गेलं. आता तुमचं दोघांचं कवा जायाचं?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "आमचं जात न्हाई, आत्याबाई. गोळी जलमभर."

त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. "आगं, म्या सव्वा वरीस देवाकडं पोरीचंच मागितलं. तुमचं मागायचं ऱ्हाऊनच गेलं की गं!"

"आमाला काय झालंय? गोळी घेतो, कामं करतो, तुमच्याशी भांडते. म्हातारी व्हईन मी."

"भांड बाई," त्या म्हणाल्या. "लई वरसं भांड."