भल्ला आंटी आणि आमची साउंडप्रूफ भिंत

भिंतीला स्वेटर घालायचा निर्णय माझा एकट्याचा होता, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो. घरातल्या बाकी दोघींनी मला अडवायचा प्रयत्न केला होता आणि त्याची नोंद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे. (माझी बायको मधुरा अशा गोष्टी तारखेसकट लिहून ठेवते.)

त्याचं असं झालं. माझी भाची सायली बार्शीहून आमच्याकडे फरीदाबादला राहायला आली होती. सिव्हिल सर्व्हिसेसची लेखी परीक्षा ती पास झाली होती, आता फक्त मुलाखत उरली होती. आणि हा तिचा शेवटचा प्रयत्न! मुलाखत ती मराठीतून देणार होती. त्यामुळे रोज खोलीत बसून मोठ्याने उत्तरं द्यायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि परत ऐकायची. ऐकताना तिला उत्तराऐवजी मिक्सर ऐकू यायचा.

मिक्सर शेजारच्या भल्ला आंटींचा. त्यांची नि आमची भिंत एक. आंटी एकट्या राहायच्या, वय सत्तरीचं, पण आवाज बारा जणांच्या कुटुंबाचा! सकाळी आठला मिक्सर, दुपारी टीव्हीवर भजनं, मग पुन्हा मिक्सर. आम्ही त्यांचं नाव 'तोफखाना' ठेवलं होतं आणि ते गॅलरीत, जिन्यात, अगदी लिफ्टमध्ये त्यांच्या शेजारी उभं राहूनसुद्धा वापरायचो. दिल्लीकडे राहणाऱ्या मराठी माणसाचं हे एक खास सुख आहे. "नमस्ते आंटीजी, कैसी हैं आप?" म्हणायचं आणि मान वळवून मराठीत हवं ते बोलायचं.

"मामा, मी लायब्ररीत जाते ना," सायली म्हणाली.

"लायब्ररीत मोठ्याने बोलू देतात का?"

"नाही."

"मग? तुझा मामा आहे की अजून जिवंत!"

मी आठवडाभर अभ्यास केला. डेसिबल मोजायचं ॲप घेतलं आणि घरभर हिंडून मोजमापं काढली. (सगळ्यांत मोठा आकडा मी "गप्प बसा, मोजतोय!" असं ओरडलो तेव्हा आला. त्याकडे मी दुर्लक्ष केलं.) मग बाजारात गुप्ताजींच्या दुकानात गेलो. तिथे काळ्या फोमच्या उंचसखल लाद्या होत्या, रेकॉर्डिंग स्टुडिओत असतात तशा. बघताक्षणी मी प्रेमात पडलो.

"सर, ये आवाज़ रोकेगा नहीं," गुप्ताजी म्हणाले. "सिर्फ़ कमरे की गूँज कम करेगा. रोकना है तो वज़न चाहिए. फ्रेम बनवाओ, अंदर रॉकवूल भरो, ऊपर मोटा बोर्ड."

"बिल्कुल, बिल्कुल," असं म्हणून मी फोम घेऊन आलो.

फोम चिकटवल्यावर खोलीत आवाज घुमायचा थांबला. त्यामुळे मिक्सर पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू यायला लागला!

"मामा," सायली कान देऊन म्हणाली, "आंटी ओलं नाही, सुकं काहीतरी वाटतायत बघ."

मी पुन्हा गुप्ताजींकडे. या वेळी फ्रेम, रॉकवूल (म्हणजे दगडापासून काढलेली लोकर), बोर्ड सगळं ठरलं. वरून लोकरीचा जाड नमदा लावा, तो पानिपतहून आणा, तिथे चांगला मिळतो, असंही ते म्हणाले.

"पानिपतहून?" मधुरा म्हणाली. "आपल्या लोकांचा तिथला अनुभव काही फारसा चांगला नाही, मंदार."

"इतिहास बदलायला कोणीतरी जावंच लागतं!"

मी गेलो. नमद्याच्या चार गुंडाळ्या गाडीच्या टपावर बांधल्या आणि विजयी मुद्रेने निघालो. वाटेत एक सुटली आणि हायवेवर स्वागताला अंथरावी तशी उलगडत गेली. दोन ट्रक तिच्यावरून गेले, तिसरा थांबून शिव्या देऊन गेला. घरी तीन पोचल्या.

पुढचे चार दिवस शांततेसाठी जे ठोकाठोकीचं काम चाललं, त्यात सायलीने खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून अभ्यास केला. शेवटच्या दिवशी गुप्ताजी स्वतः बघायला आले.

"सर, ये स्विचबोर्ड खोलकर पीछे भी भरना पड़ेगा. उधर वालों का बोर्ड ठीक इसके पीछे है. बीच में खाली छेद है."

"अरे यार, इतने से छेद से क्या होगा!" मी म्हणालो. बोर्ड उघडायचा तर वीज बंद करावी लागली असती आणि मला ऑफिसचा कॉल होता.

रविवारी सकाळी चाचणी ठेवली. नेमका त्या दिवशी आंटींचा मिक्सर गप्प! म्हणून उलटी चाचणी करायचं ठरलं. मधुराने पोह्यांचा डबा घेऊन आंटींकडे जायचं आणि कान द्यायचा, इकडून मी ओरडायचं.

"काय ओरडू?"

"काहीही," मधुरा म्हणाली. "फक्त मराठीत ओरड, म्हणजे त्यांना कळायचं नाही."

ती गेली. मी भिंतीजवळ, अगदी स्विचबोर्डापुढे उभा राहिलो.

"हॅलो! हॅलो!"

पलीकडून काहीच नाही. मला स्फुरण चढलं.

"ओ तोफखाना! मिक्सर आहे की ट्रॅक्टर?"

शांतता! सायली हसून गादीवर लोळायला लागली.

"रोज एवढं काय वाटता? गावजेवण आहे का? आणि ती भजनं! देव काय बहिरा आहे?"

तेवढ्यात स्विचबोर्डातून, स्वच्छ मराठीत, उत्तर आलं.

"देव नाही हो बहिरा. पण तुमच्या शेजारी राहून मी होणार आहे!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. (सहाव्या मजल्यावर तीही सोय नसते.) दोन मिनिटांत मधुरा परत आली, डबा तसाच हातात, आणि तिच्यामागे आंटी.

"बावीस वर्षं दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली मी," आंटी खुर्चीत बसत म्हणाल्या. "खाली जोशी, समोर मोहिते. मराठी तर शिव्यांसकट शिकले! तुम्ही राहायला आलात तेव्हाच सांगणार होते. पण लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, 'चला, तोफखाना आला.' म्हटलं, अच्छा! आता जरा ऐकूया."

"आंटीजी, ते मी... म्हणजे आम्ही..."

"आणि मिक्सर का लावते, ते विचारा ना! सकाळी आठला तुमचा ऑफिसचा कॉल सुरू होतो. तुम्ही एवढे ओरडता की मी मिक्सर रिकामाच फिरवते. त्याशिवाय मला चहा सुखाने पिता येत नाही."

रिकामा! मधुराने माझ्याकडे नाही, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या दिशेने बघितलं. "तरी मला सुकंच वाटलं होतं," सायली पुटपुटली.

आंटी तिच्याकडे वळल्या. "तुझी सगळी उत्तरं ऐकलीत मी. पाणीवाटपावरचं छान आहे. पण प्रत्येक उत्तर 'खरं तर'ने सुरू करतेस. आणि प्रश्न अवघड आला की आवाज बसतो. ऑफिसात मी पुष्कळ इंटरव्ह्यू घेतलेत, बेटा. उद्यापासून दहाला माझ्याकडे ये. मिक्सर बंद, टीव्ही बंद."

"आंटी, माझा हा शेवटचा चान्स आहे," सायली हळूच म्हणाली.

"माहीत आहे. त्या दिवशी बाबांशी फोनवर बोलून रडलीस ना, तेव्हा भजनं मीच मोठी केली होती. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

मला फार वाईट वाटलं. घरभर ॲप घेऊन मी हिंडत होतो, आणि आमच्याच पोरीचं रडणं पलीकडच्या बाईंना ऐकू आलं होतं.

त्यानंतर महिनाभर सायली रोज दहाला आंटींकडे जायची आणि दुपारी जेवूनच यायची. 'खरं तर' आठवडाभरात गेलं. तिकडून गॅलरीत तिचा आवाज खणखणीत येतोय, असं मधुरा सांगायची. मला तो ऐकू यायचा नाही, कारण साउंडप्रूफ खोलीत आता ऑफिसच्या कॉलसकट मला बसवलं होतं. स्विचबोर्डामागच्या छेदात उरलेलं रॉकवूल आंटींनी स्वतः उभं राहून भरून घेतलं.

मुलाखतीच्या दिवशी आंटींनी सायलीच्या हातावर दही-साखर ठेवली आणि आमच्याबरोबर गाडीत येऊन बसल्या. तीन तासांनी सायली बाहेर आली ती हसतच.

"मस्त झाली! एकदम मस्त! शेवटी त्यांनी विचारलं, लोकांचे प्रश्न सोडवताना अधिकारी सगळ्यांत मोठी चूक कोणती करतो?"

"मग? काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, पलीकडच्या माणसाला न विचारताच तो भिंत जाड करत बसतो. आणि मामा, मी तुझं उदाहरण दिलं. सगळं पॅनेल पोट धरून हसलं!"

निकाल अजून यायचा आहे, पण आम्हाला चौघांनाही भरपूर आशा आहे. आमच्या घराण्यातलं नाव देश चालवणाऱ्या माणसांपर्यंत पोचावं, ही माझी फार जुनी इच्छा होती. ते पोचलं, माझंच पोचलं, फक्त 'काय करू नये' या सदराखाली!