बेबाबाईनं लावलेली कडी

रावेरकडे माणूस गेलं की बायका 'दारवर' जातात. म्हणजे गेलेल्याच्या दारी जाऊन भेटायचं, घरच्यांच्या गळ्यात पडून रडायचं. बेबाबाईच्या गावात दारवर निघालेला ट्रॅक्टर आधी तिच्या अंगणापुढे थांबायचा. ती चढल्याशिवाय बायका हलायच्याच नाहीत. अहो, रडावं तर बेबाबाईनं! गल्लीच्या तोंडाशी उतरली की पदर पुढे ओढायची आणि असा हेल काढायची, की ओट्यावर कोरडे बसलेले गडीही नाक शिंकरायला उठायचे. ढोंग नव्हतं हं त्यात. गेलेल्यानं कधी अडलेल्या म्हशीला हात लावला, कधी आपली पाळी सोडून दुसऱ्याच्या केळीला पाणी दिलं, सगळं तिच्या ध्यानात असायचं. रडता रडता ती तेच सांगायची. "जाणाऱ्याचं चांगलं कोणी तरी मोठ्यानं सांगाले नको का?" असं तिचं म्हणणं.

अशा बाईच्या एकुलत्या पोराच्या, नीलेशच्या, दोन्ही किडन्या ऐन पंचविशीत बसल्या. केळीच्या मुलखातलं पोर, आणि डॉक्टरांनी नेमकं केळंच बंद केलं. पाणीसुद्धा घोटानं. आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस. बाप पितांबर, त्याला साखरेचा आजार. म्हणून त्याची किडनी चालेना. बेबाबाईची जुळली. "घ्या की मग," ती डॉक्टरांना म्हणाली, "शेजारणीला पाखडाले सूप देतेच ना मी." नाशिकच्या दवाखान्यात तारीख ठरली, पिशव्या भरल्या, आणि टाळेबंदी लागली.

दवाखान्यातून फोन आला. खाटा कोरोनावाल्यांना गेल्या होत्या, डॉक्टर तिकडे जुंपले होते. शिवाय किडनी बसवली की अंगानं ती स्वीकारावी म्हणून रोगाशी लढायची ताकद मारणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. अशा पोराला कोरोना गाठला तर संपलंच. म्हणून हे काम बंद. पुन्हा कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एसट्याही उभ्या राहिल्या. शेजारचा गिरधर केळीच्या पिकअपमध्ये नीलेशला पुढे बसवून जळगावला न्यायचा आणि सुया टोचून झाल्या की परत आणायचा. देवमाणूसच म्हणायचा.

हिवाळ्यात दवाखाना उघडला, तारीख मिळाली. डॉक्टरांनी बजावलं, मायलेकांनी गर्दीत पाय ठेवायचा नाही. आणि नेमके मागच्या गल्लीतले उखर्डूनाना गेले. पितांबर म्हणाला, "तू जाऊ नको." बेबाबाईचा जीव घरात राहीना. "नाना तर वयानं गेले," ती म्हणाली, "त्याहीच्या दारी कोरोना कुठून येईन?" नाकाला पदर बांधून ती गेली. नाना वयानं गेले होते हे खरं. पण गळ्यात पडून रडणाऱ्या बायका तर जित्या होत्या! नाशिकला तपासणी झाली आणि बेबाबाईलाच कोरोना निघाला. तारीख गेली.

तिला नुसता खोकला झाला, बरीही झाली. पण पुन्हा तारीख मिळायच्या आत दुसरी लाट आली आणि सगळं परत बंद. नीलेश वाळत गेला. एकदा छातीत पाणी भरलं, आडवं होता येईना, खाटेवर बसूनच श्वास ओढायचा. आईला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. ती चुलीपुढे बसून स्वतःलाच म्हणायची, "कुठी फेडशीन हे, बेबा?"

पावसाळ्यात पुन्हा फोन आला. येत्या आठवड्यात या. या वेळी हुकली तर पोर पुढच्या तारखेपर्यंत टिकेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी बोदवडहून निरोप आला, पंडित गेला. हृदयाचा झटका. पंडित म्हणजे तिचा पाठचा भाऊ, तिनं कडेवर वाढवलेला. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुऱ्हाळी होऊन तिला माहेरी न्यायला यायचा. नवऱ्याशी भांडण झालं असलं तरी यायचा.

ती उठली, चपला घातल्या, ओट्यापर्यंत गेली. मागून नीलेश म्हणाला, "जाय माय. मामा एकच होता." आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं. बेबाबाई थांबली. चपला काढून घरात येऊन बसली. आयुष्यात तिला इतकं जड काही गेलं नव्हतं.

पण रीत कुठली गप्प बसते? बहिणीचा भाऊ गेला, तर बहिणीच्या दारीही बायका जातातच. गावात असं एक घर नव्हतं जिथं बेबाबाई रडली नव्हती. आता त्यांची पाळी. गल्लीच्या तोंडाशी हेल उठला. अख्खं गाव माया करायला येत होतं, आणि अशाच गळाभेटीत बेबाबाईची मागची तारीख गेली होती. ती धावली, दार लोटलं, आतून कडी घातली.

पितांबर ओट्यावर हात जोडून उभा. बायका अंगणात थिजल्या. "भाऊ गेला अन् कडी लावून बसली?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आपल्या दारी येऊन रडे ते काय मग, तमाशा होता का?" काहीजणी तशाच माघारी फिरल्या.

तेवढ्यात कडीमागून आवाज आला. दाराला कपाळ टेकून बेबाबाई रडत होती. पंडितानं कैऱ्या कशा चोरल्या आणि मार तिनं कसा खाल्ला, लग्नात बहिणीच्या गाडीमागे तो वेशीपर्यंत कसा पळत आला, ती सगळं सांगत होती. उरलेल्या बायका ओल्या अंगणात लांब लांब खाली बसल्या. मध्ये बंद दार, आणि दोन्हीकडे रडणं. असं दारवर गावानं कधी पाहिलं नव्हतं.

बोदवडला मात्र एवढंच पोचलं, की बहीण आली नाही. पंडितची बायको वच्छलाबाई, तिनं सांगावा धाडला: "भावाच्या दारी जी आली नाही, तिनं आता येऊच नये."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर बेबाबाईनं पहिलं पोराचं विचारलं. नर्सबाईंनी सांगितलं, लघवी सुरू झाली, पिशवी भरतेय. दीड वर्षात पोराला थेंबभर धड झाली नव्हती. बेबाबाई हसली, मग रडू फुटलं, आणि टाके दुखले म्हणून गप्प झाली.

पुढच्या आखाजीला तिला न्यायला कोणी येणार नव्हतं. नीलेश म्हणाला, "मी येतो मुऱ्हाळी. चाल." गिरधर आपल्या गाडीनं मायलेकांना बोदवडला घेऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी बेबाबाई उतरली, पदर पुढे ओढला, तोंड उघडलं. आवाजच निघेना. शेकडो दारी रडलेली बाई भावाच्या दारी मुकी उभी राहिली.

वच्छलाबाई उंबऱ्यात बसली होती. उठली नाही, ये म्हणाली नाही. तिची नजर लांब निंबाखाली तोंडाला मास्क लावून उभ्या नीलेशवर गेली.

"तू आत काबर येत नाही रे?"

"मामी, गर्दीत चालत नाही मले."

"या घरात आता कुठी आली गर्दी?"

ऑपरेशनचं तिच्याही कानावर आलं होतं. मग तिनंच विचारलं, "लघवी होते का रे आता?"

"होते मामी. चांगली होते."

 वच्छलाबाई उंबऱ्यावर थोडी सरकली, बाजूला हात ठेवून जागा दाखवली.

"ये अक्का, बस. अन् रड आता मोठ्यानं. माह्या एकटीचं रडणं पुरलं नाही त्याले."